एशिया ते रामानुजन

१७ फेब्रुवारी १९८८. तमिळनाडूतल्या जावडी डोंगरांमधल्या कावलूर वेधशाळेत त्या दिवशी आकाशाचा जो तुकडा टिपला गेला, त्यात एक ठिपका आगंतुक निघाला. बाकीचे तारे आपापल्या जागी होते, हा मात्र सरकत होता. वेधशाळा तमिळनाडूत असली तरी ती चालवणारी संस्था बेंगळुरूची: कोरमंगल्यातली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅस्ट्रोफिजिक्स, म्हणजे भारतीय खगोलभौतिकी संस्था. ठिपका हेरणारे आर. राजमोहन याच संस्थेचे. पुढे त्या ठिपक्याला कायमचा क्रमांक मिळाला आणि नावही: ४१३० रामानुजन.

भारताच्या भूमीवरून लघुग्रह सापडल्याची त्याआधीची नोंद ६ फेब्रुवारी १८८५ ची होती. मधला काळ बहुतेक ठिकाणी १०४ वर्षांचा असल्याचं छापलेलं आढळतं. साधी वजाबाकी केली तर १०३ वर्षं आणि ११ दिवस येतात. शतकभराच्या खंडात वर्षभराचा फरक कुणाला खटकला नसावा. पण आकड्यापेक्षा प्रश्न महत्त्वाचा आहे. ज्या देशातून १८६१ ते १८८५ या काळात पाच लघुग्रह सापडले, त्या देशातून पुढची शंभर वर्षं एकही का सापडला नाही?

उत्तर शोधायचं तर मद्रासपासून सुरुवात करावी लागते. कोरमंगल्यातल्या संस्थेची वंशावळ तिथूनच सुरू होते. विल्यम पेट्री नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १७८६ मध्ये एग्मोरला स्वतःच्या हौसेने वेधशाळा उभारली. १७९२ मध्ये ती नुंगमबाक्कमला, सरकारी इमारतीत गेली. जमिनीच्या मोजणीसाठी आणि जहाजांच्या घड्याळांसाठी कंपनीला नेमके अक्षांश-रेखांश आणि नेमकी वेळ हवी होती, म्हणून हा खर्च. पुढे रेल्वेची घड्याळंही याच मद्रास वेळेवर चालू लागली. मुंबईकरांची घड्याळं अर्धा तास मागे होती. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मद्रास वेळ मुंबईवर लादायचा प्रयत्न केला, तेव्हा शहराने ती मानली नाही आणि दोन वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला. ज्या मद्रास वेळेवरून मुंबईत एवढा वाद माजला, ती ज्या वेधशाळेत ठरत होती तिचा प्रमुख त्या वेळी होता नॉर्मन रॉबर्ट पॉगसन.

पॉगसन १८२९ मध्ये नॉटिंगहॅमला जन्मला. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत मदतनीस असताना त्याने १८५६ आणि १८५७ मध्ये आयसिस, एरियाडनी आणि हेस्टिया हे तीन लघुग्रह शोधले. आयसिस हे त्याच्या मुलीचंही नाव. पण खगोलशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पॉगसन माहीत असतो तो दुसऱ्याच कारणाने. ताऱ्यांची पहिली प्रत, दुसरी प्रत अशी तेजस्वितेची वर्गवारी ग्रीकांच्या काळापासून चालत आली होती, मात्र एका प्रतीत आणि दुसऱ्या प्रतीत नेमका फरक किती, यावर एकमत नव्हतं. पॉगसनने १८५६ मध्ये सुचवलं की पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पट फरक धरावा. मग एका प्रतीचा फरक साधारण २.५१२ पट येतो. आजही जगभर हेच प्रमाण चालतं. ही सूचना त्याने केली ती ताऱ्यांवरच्या एखाद्या भारदस्त ग्रंथात नव्हे. ३६ लघुग्रह पुढच्या वर्षी दर महिन्याच्या एक तारखेला किती तेजस्वी दिसतील, याचं कोष्टक तो बनवत होता, त्यासाठी त्याला ही मोजपट्टी लागली.

लघुग्रहांचं वेड तेव्हा युरोपात भरात होतं. १ जानेवारी १८०१ ला पालेर्मोमध्ये पियात्सीला सेरेस हा पहिला लघुग्रह सापडला आणि काही आठवड्यांतच तो सूर्याच्या उजेडात हरवला. गाउस या तरुण गणितज्ञाने मोजक्या वेधांवरून त्याची कक्षा काढली आणि वर्ष संपता संपता सेरेस पुन्हा हाती लागला. दिसणं वेगळं आणि सापडणं वेगळं, हा धडा या शास्त्राला पहिल्याच वर्षी मिळाला. कक्षा हाती असेल तर वस्तू आपली. नाहीतर ती एका रात्रीची पाहुणी.

१८६१ मध्ये पॉगसन मद्रासला सरकारी खगोलज्ञ म्हणून रुजू झाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला त्याने एक लघुग्रह पकडला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिला, म्हणून नाव ठेवलं एशिया, क्रमांक ६७. पकडला म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखं आहे. तेव्हा फोटोची सोय नव्हती. आकाशाच्या एका पट्ट्यातला प्रत्येक अंधुक तारा नकाशाशी ताडून पाहायचा. नकाशात नसलेला ठिपका दिसला की त्याची शेजारच्या ताऱ्यांपासूनची अंतरं मोजून ठेवायची आणि पुढच्या रात्री पुन्हा बघायचं. सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, म्हणजे मध्यरात्री डोक्यावर येणारा, मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह एका दिवसात पूर्णचंद्राच्या व्यासाच्या साधारण निम्म्याइतका पश्चिमेकडे सरकतो. पृथ्वी आतल्या कक्षेतून त्याला मागे टाकत असते, म्हणून ही चाल उलटी दिसते. मद्रासच्या दमट हवेत, ढगांच्या फटी शोधत हे काम करायचं तर चिकाटी लागते. पॉगसनकडे ती भरपूर होती.

मग १८६४ मध्ये सॅफो, १८६६ मध्ये सिल्व्हिया, १८६८ मध्ये कॅमिला. १८६८ हे वर्ष तर धामधुमीचं. १८ ऑगस्टचं खग्रास सूर्यग्रहण टिपायला युरोपातून तुकड्या आल्या होत्या आणि पॉगसन स्वतः मच्छलीपट्टणमला गेला होता. तिथून परतल्यावर तीन महिन्यांत, १७ नोव्हेंबरला, त्याने कॅमिला शोधला. शेवटचा व्हेरा, १८८५ चा. ऑक्सफर्डचे तीन धरून पॉगसनच्या खात्यावर आठ लघुग्रह जमा आहेत.

या वेधशाळेतले दोन मदतनीस विसरता येणार नाहीत. चिंतामणी रघुनाथाचारी कोवळ्या वयात तिथे नोकरीला लागले आणि निरीक्षक म्हणून नावारूपाला आले. १८६७ मध्ये त्यांनी 'आर रेटिक्युली' या ताऱ्याचं तेज कमी-जास्त होतं, हे शोधून काढलं. १८७२ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे ते पहिले भारतीय फेलो झाले. दुसरी मदतनीस पॉगसनची मुलगी आयसिस. १८७३ पासून तिने या वेधशाळेत पाव शतक काम केलं. १८८६ मध्ये वडिलांनी त्याच सोसायटीसाठी तिचं नाव सुचवलं, तेव्हा स्त्रियांना सभासद करून घेता येत नाही असं सांगून ते परत पाठवण्यात आलं. तिला फेलोशिप मिळाली १९२० मध्ये, वडील जाऊन जवळजवळ तीन दशकं झाल्यावर.

१८७२ च्या नोव्हेंबरअखेरीचा एक प्रसंग तर कादंबरीत शोभावा असा आहे. बिएला नावाचा हरवलेला धूमकेतू पृथ्वीला चाटून गेला असावा, अशी समजूत २७ नोव्हेंबरच्या उल्कावर्षावानंतर युरोपात पसरली. तो दक्षिणेकडे निघून गेला असणार, म्हणजे युरोपातून दिसणार नाही. ग्योटिंगनच्या क्लिंकरफ्यूस या खगोलज्ञाने थेट मद्रासला तार ठोकली आणि नरतुरंग तारकासमूहातल्या एका ताऱ्याजवळ शोधायला सांगितलं. ढग हटले तेव्हा पॉगसनला त्या भागात खरोखरच एक धूमकेतू दिसला. दुसऱ्या दिवशीही दिसला. मग पावसाळी हवेने आकाश झाकलं आणि पुढे तो कुणालाच दिसला नाही. वेध झाले दोनच दिवसांचे. कक्षा ठरवायला किमान तीन लागतात. त्यामुळे तो धूमकेतू नेमका कोणता, हा प्रश्न कायमचा अधांतरी राहिला. तो बिएला नसावा, यावर मात्र नंतरच्या अभ्यासकांचं बहुतांशी एकमत आहे.

जून १८९१ मध्ये पॉगसन मद्रासलाच वारला. त्याच वर्षी २२ डिसेंबरला हायडेलबर्गमध्ये माक्स वोल्फने फोटोच्या काचेवर उमटलेल्या रेघेवरून लघुग्रह शोधला. फोटोवरून सापडलेला तो पहिलाच, ३२३ ब्रुशिया. कॅमेरा ताऱ्यांच्या मागे मागे फिरवत राहिला की तारे ठिपक्यासारखे उमटतात आणि लघुग्रहाची छोटी रेघ उमटते. नकाशाशी एकेक तारा ताडत बसायची गरजच संपली. वोल्फने एकट्याने पुढे दोनशेहून जास्त लघुग्रह शोधले. डोळ्यांनी शोधण्याचं युग आणि मद्रासचा डोळेवाला, दोघेही एकाच वर्षी गेले.

इथे मद्रासने कॅमेरा उचलला असता तर? उचलला नाही, आणि याला नुसती अनास्था कारणीभूत नव्हती. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारला पावसाचं भाकीत हवं होतं आणि सूर्यावरच्या डागांचा मोसमी पावसाशी संबंध असावा, असं तेव्हाच्या काही शास्त्रज्ञांना वाटत होतं. म्हणून सूर्याच्या अभ्यासासाठी डोंगरावर वेधशाळा उभारायचं ठरलं आणि १८९९ मध्ये कोडाईकनाल सुरू झालं. मद्रासचं खगोलशास्त्र तिकडे गेलं. तिथे रोज सूर्याचे फोटो निघू लागले, ते शतकभर निघत राहिले आणि आज जगातल्या सौरसंशोधकांना तो साठा अमूल्य वाटतो. लघुग्रहांसाठी मात्र रात्र रिकामीच राहिली.

पुण्याचीही एक दुर्बीण याच वाटेने गेली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, कावसजी नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिथली २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळच्या हिंदुस्थानातली सर्वांत मोठी. नायगमवालांचा ओढाही सूर्य आणि वर्णपटांकडेच. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला टिपलं. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. पुण्याच्या या वेधशाळेबद्दल पुण्यातही फारसं कुणी बोलत नाही, हे जरा लागतंच.

कोडाईकनालची दिशा बदलली ती १९६० मध्ये, वेणू बाप्पू तिथे संचालक म्हणून आल्यावर. १९४९ मध्ये हार्वर्डला विद्यार्थी असताना त्यांनी एक धूमकेतू शोधला होता आणि त्याला बाप्पू-बोक-न्यूकर्क असं नावही मिळालं होतं. त्यांना रात्रीचं आकाश हवं होतं. कोडाईकनालची हवा दिवसा सूर्यासाठी चांगली, रात्री तेवढी नाही. त्यांनी दक्षिणेतले डोंगर पालथे घातले आणि वाणियंबाडीजवळच्या कावलूर या खेड्यापाशी, सुमारे ७२५ मीटर उंचीवर जागा निवडली. चंदनाच्या जंगलातली. १९६८ मध्ये तिथे पहिली दुर्बीण बसली, संस्थेच्याच कारखान्यात बनवलेली ३८ सेंटिमीटरची. १९७२ मध्ये एक मीटरची त्साइस दुर्बीण आली. १९७१ मध्ये संस्था स्वायत्त झाली आणि १९७५ मध्ये तिचं मुख्यालय बेंगळुरूला आलं. शहरापासून कावलूर पावणेदोनशे किलोमीटरवर, म्हणजे संध्याकाळच्या वेधांसाठी सकाळी निघालं तरी चालेल इतकं जवळ. बाप्पूंच्या स्वप्नातल्या २.३४ मीटर दुर्बिणीचा आरसा जर्मनीहून आलेल्या काचेवर कोरमंगल्याच्या प्रकाशिकी प्रयोगशाळेतच घासला गेला. ती दुर्बीण जानेवारी १९८६ मध्ये सुरू झाली तेव्हा बाप्पू नव्हते. १९८२ मध्ये म्युनिचला त्यांचं निधन झालं होतं. आज दुर्बिणीलाही त्यांचं नाव आहे, वेधशाळेलाही, आणि मुख्य पट्ट्यातल्या २५९६ क्रमांकाच्या लघुग्रहालाही.

लघुग्रह शोधायला मोठी दुर्बीण मात्र उपयोगाची नव्हती. मोठी दुर्बीण खोल बघते, पण आकाशाची एक चिमूट. शोधकाला हवं असतं रुंद आकाश. त्यासाठी कावलूरला ४५ सेंटिमीटरची श्मिट दुर्बीण होती. तिच्या भरवशावर राजमोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोहीम उघडली. लघुग्रह शोधायचे, धूमकेतू शोधायचे आणि प्लूटोपलीकडे एखादा मोठा ग्रह दडला असेल तर तोही. मोहिमेचं नाव 'कल्की'. प्लूटो तेव्हा नववा ग्रह गणला जात असे, म्हणजे दहावा मिळाला तर तो अजून न आलेल्या अवताराच्या जागी बसणार. दहावा ग्रह काही आला नाही. राजमोहन हे मुळात ताऱ्यांच्या वर्णपटांतले जाणकार. हे काम त्यांच्यासाठी आडवाटेचंच.

अशा मोहिमेची रीत ठरलेली असते. त्याच भागाचे काही वेळाच्या अंतराने दोन फोटो घ्यायचे, ते धुवायचे, आणि एकाआड एक असे डोळ्यांसमोर झपाझप बदलत राहायचं. तारे जागच्या जागी राहतात, सरकलेला ठिपका मागेपुढे उडी मारतो. हजारो ठिपक्यांतून तो एक उडी मारणारा शोधायचा. धुळीचा कण आणि फिल्मवरचा डागही फसवतात. संशय पक्का झाला की शेजारच्या ताऱ्यांवरून स्थान मोजून अमेरिकेतल्या केंब्रिजच्या मायनर प्लॅनेट सेंटरला कळवायचं आणि पुढच्या रात्री आभाळ मोकळं मिळावं म्हणून वाट बघायची.

रामानुजनचा पहिला, तात्पुरता क्रमांक होता १९८८ डीक्यू-१. तो वाचता येतो. पहिलं अक्षर महिन्याचा पंधरवडा सांगतं: ए म्हणजे जानेवारीचा पहिला, बी दुसरा, सी फेब्रुवारीचा पहिला, डी दुसरा. दुसरं अक्षर त्या पंधरवड्यातला अनुक्रम. आय हे अक्षर गाळून पंचवीस अक्षरं धरतात आणि ती संपली की शेजारी १ लावून पुन्हा ए पासून सुरुवात. क्यू सोळावं, म्हणजे पंचवीस अधिक सोळा. त्या पंधरवड्यात जगभरातून नोंदल्या गेलेल्या लघुग्रहांत कावलूरचा हा एक्केचाळिसावा.

याच पद्धतीने पाहिलं तर एक गंमत दिसते. राजमोहन यांच्याच खात्यावर १९८८ बीएक्स आहे, म्हणजे जानेवारीच्या उत्तरार्धातला, आणि १९८८ सीए आहे, फेब्रुवारीच्या पूर्वार्धातला. दोन्ही रामानुजनच्या आधीचे! मग शतकानंतरचा पहिला भारतीय लघुग्रह म्हणून मान रामानुजनला कसा? कारण कायमचा क्रमांक दिसल्याच्या तारखेवर मिळत नाही. वेगवेगळ्या वर्षी, सूर्याभोवतीच्या फेरीत वेगवेगळ्या ठिकाणी वेध मिळून कक्षा पक्की झाली की तो मिळतो. रामानुजनची कक्षा लवकर पक्की झाली, क्रमांक ४१३०. जानेवारीतला पुढे ८३४८ भट्टाचार्य झाला आणि सीए झाला ७५६४ गोकुमेनन. मद्रासच्या ढगांनी पॉगसनला जो धडा दिला होता, तोच इथे उलट बाजूने दिसतो. आधी दिसलेल्यापेक्षा ज्याची कक्षा आधी बांधली गेली त्याचा मान मोठा.

नावांमागेही माणसं आहेत. रामानुजन यांची जन्मशताब्दी जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, २२ डिसेंबर १९८७ ला झाली होती. मद्रास पोर्ट ट्रस्टमधल्या कारकुनाचं नाव मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात जाऊन बसलं. गोकुमेनन म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन. जे. सी. भट्टाचार्य हे बाप्पूंनंतरचे संचालक. १० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता, तेव्हा भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी कावलूरच्या एक मीटर दुर्बिणीवर होते. ग्रह येण्याआधीच ताऱ्याचा प्रकाश काही क्षण घसरला. युरेनसला कडी आहेत, याचा तो पुरावा होता. त्याच रात्री विमानातून वेध घेणाऱ्या जेम्स इलियट यांच्या अमेरिकन गटाला कड्यांची मालिका मिळाली आणि शोधाचं मुख्य श्रेय त्यांना गेलं. रामानुजनच्या पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सापडलेल्या १९८९ सीडी-४ ला ५१७८ पट्टाळी हे केरळमधल्या गावाचं नाव मिळालं, त्या गावच्या एका प्राणिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ.

आता पॉगसनच्या पाच लघुग्रहांकडे पुन्हा बघू, कारण खरी मौज तिथे आहे. त्याला ते नुसते ठिपके दिसले होते. आज त्यांच्याबद्दल बरंच कळलं आहे. एशिया साठ किलोमीटरच्या आसपासचा खडकाळ लघुग्रह. सूर्यापासून सरासरी ३६ कोटी किलोमीटरवरून तो पावणेचार वर्षांत एक फेरी पुरी करतो आणि स्वतःभोवती फिरायला जवळजवळ सोळा तास घेतो. सॅफो त्याहून आत, साडेतीन वर्षांची फेरी. व्हेरा बाहेरच्या अंगाला, साडेपाच वर्षांची. या फिरण्याच्या वेळा कळतात त्या तेजाच्या चढ-उतारांवरून. लघुग्रह ओबडधोबड असतो. रुंद बाजू समोर आली की जास्त उजळ, अरुंद आली की मंद. एका फेऱ्यात दोनदा उजळ, दोनदा मंद. म्हणजे पॉगसनने लघुग्रहांसाठीच आखलेली तेजाची मोजपट्टी लघुग्रहांचा दिवस मोजायला कामी आली.

सिल्व्हिया आणि कॅमिला या दोघांची बात मात्र न्यारी. मंगळ आणि गुरूमधला पट्टा सलग नाही. डॅनियल कर्कवुड या अमेरिकन खगोलज्ञाने १८६६ मध्ये, म्हणजे सिल्व्हिया सापडला त्याच वर्षी, त्यातल्या मोकळ्या जागा दाखवून दिल्या. गुरूच्या एका फेरीत लघुग्रहाच्या बरोबर तीन किंवा बरोबर दोन फेऱ्या होतात तिथे गुरूची ओढ पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी बसते आणि तिथून लघुग्रह हुसकले जातात. पृथ्वी-सूर्य अंतर एक धरलं तर २.५ पट आणि ३.२८ पट अंतरावर या फटी पडल्या आहेत. शेवटच्या फटीवर पट्ट्याची दाट वस्ती संपते. सिल्व्हिया ३.४८ वर आणि कॅमिला ३.४९ वर, म्हणजे वेशीबाहेरचे. दोघेही अडीचशे किलोमीटरच्या वर, फेरी साडेसहा वर्षांची, आणि इतके मोठे असूनही पाच तासांच्या आसपास एक गिरकी. आकार लांबुळका.

२००१ च्या सुरुवातीला हवाईच्या केक दुर्बिणीतून सिल्व्हियाभोवती एक चंद्र दिसला. जवळपास त्याच सुमारास हबल दुर्बिणीला कॅमिलाचाही चंद्र सापडला. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीच्या वेधांतून सिल्व्हियाचा दुसरा चंद्र हाती लागला आणि २००५ मध्ये जाहीर झाला. दोन चंद्र असलेला तो पहिला ज्ञात लघुग्रह. रोमन पुराणकथेतल्या रिया सिल्व्हियाच्या जुळ्या मुलांवरून चंद्रांची नावं ठेवली रोम्युलस आणि रीमस. रोम्युलस १,३६० किलोमीटरवरून साडेतीन दिवसांहून थोड्या जास्त वेळात फेरी घालतो. रीमस ७१० किलोमीटरवरून दीड दिवसाच्या आत. २०१६ मध्ये कॅमिलालाही दुसरा चंद्र मिळाला. मद्रासच्या पाचांपैकी दोघांना दोन-दोन चंद्र, हा योग दुर्मीळच.

चंद्र मिळाला की लघुग्रह तराजूत बसवता येतो. फेरीची वेळ आणि अंतर कळलं की केप्लरच्या नियमाने वस्तुमान निघतं, वस्तुमानाला आकारमानाने भागलं की घनता. सिल्व्हियाची घनता निघाली पाण्याच्या १.२ ते १.४ पट. अखंड खडकाची याच्या दुपटीहून जास्त असते. याचा अर्थ हा एकसंध गोळा नव्हे. कधीतरी टकरीत फुटलेल्या मोठ्या पिंडाचे तुकडे गुरुत्वाने पुन्हा गोळा झाले आहेत आणि मध्ये भरपूर पोकळी राहिली आहे. चंद्र हे त्याच टकरीचे बाकी राहिलेले तुकडे असावेत.

कल्की मोहिमेला मात्र उशीर झाला होता. हे तिच्या कर्त्यांचं उणं नव्हे, काळाचं होतं. मद्रासला डोळ्यांचं युग संपताना शोध थांबला आणि कावलूरला फिल्मचं युग संपत आलेलं असताना सुरू झाला. नव्वदच्या दशकात सीसीडी कॅमेरे आणि संगणक आले, १९९८ पासून अमेरिकेच्या लिनिअर मोहिमेने आकाश आपोआप चाळायला सुरुवात केली आणि माणसाच्या हातचं हे काम यंत्रांकडे गेलं. आज ज्ञात लघुग्रह तेरा लाखांहून जास्त आहेत. जून २०२५ मध्ये चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने पहिली छायाचित्रं जाहीर केली, तेव्हा सुमारे दहा तासांच्या वेधांतच २,१०४ नवे लघुग्रह निघाले होते.

अशा वेळी बेंगळुरूने काय करावं? संस्थेची आणखी एक मोठी दुर्बीण लडाखमध्ये हानलेला आहे, दोन मीटरची, आणि ती बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते. शेजारीच आयआयटी मुंबईबरोबर उभारलेली ०.७ मीटरची स्वयंचलित ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे. ऑगस्ट २०२० मध्ये आयआयटी मुंबईच्या दोन विद्यार्थ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका दुर्बिणीच्या छायाचित्रांत २०२० क्यूजी हा मोटारीएवढा लघुग्रह हेरला. तो हिंदी महासागरावरून फक्त २,९५० किलोमीटरवरून निघून गेला होता. बेंगळुरूची नावंही पट्ट्यात वाढताहेत. २०२१ मध्ये २१५८८४ क्रमांकाच्या लघुग्रहाला संस्थेतल्या जयंत मूर्ती यांचं नाव मिळालं. तो ३.३ वर्षांत सूर्याभोवती फिरतो.

शोधांच्या आकड्यात आता भारताने कुणाशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. पण तेरा लाखांतल्या बहुतेकांचा आकार, फिरण्याचा काळ आणि घनता अजून मोजायची आहे आणि त्या कामाला चिलीतला डोंगरच लागतो असं नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षक घडवते आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत दुर्बिणी आहेत. लघुग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा तो तारा नेमके किती सेकंद दिसेनासा झाला, हे वीस-तीस किलोमीटरच्या अंतराने उभ्या राहिलेल्या चार-पाच जणांनी टिपलं तर त्या लघुग्रहाची बाह्याकृती मिळते. अशा पिधानांची भाकितं आधीच प्रसिद्ध होतात. त्यासाठी आठ-दहा इंची दुर्बीण, व्हिडिओ कॅमेरा आणि अचूक घड्याळ पुरतं. ज्या मंडळांकडे ही सामग्री आहे, त्यांनी पुढच्या हिवाळ्यातल्या तारखा आताच पाहून ठेवाव्यात.